श्वास रोखून धरलेला मोर्चा

ती. भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द मी सवयीने लिहितो, आज मात्र अक्षरशः घालतो आहे. कालपासून मला बसता येत नाही, त्यामुळे पालथा पडून, उशीवर फळी ठेवून हे पत्र लिहायला घेतलं आहे. अक्षर उताराला लागलेलं दिसेल, ते समजून घ्यावं.)

आमच्याकडे सर्व क्षेम आहे. आपला रक्तदाब कसा आहे? सकाळची गोळी घेतलीत का? घेतली नसेल तर पत्र इथेच बाजूला ठेवावं, गोळी घ्यावी, वर ग्लासभर पाणी प्यावं आणि दहा मिनिटांनी पुढे वाचावं. तसं काही विशेष नाही. अक्का सुखरूप आहे, तिचा गुडघाही बऱ्यापैकी सुखरूप आहे. तिच्याविषयी पुढे ओघात येईलच, पण घाबरण्यासारखं काही नाही हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही कुठलंही पत्र शेवटाकडून वाचायला सुरुवात करता असं अक्का सांगते. या खेपेला कृपया तसं करू नये.

तर विषय माझ्या परीक्षेचा. तुमच्याच शिफारशीवरून तुमच्या बालमित्रांनी, म्हणजे इथल्या दैनिकाच्या संपादकांनी, मला फोटोग्राफर म्हणून अजमावून बघायचं कबूल केलं होतं. (शाळेत तुम्ही त्यांना बोका म्हणायचात. पहिल्या भेटीत मीही चुकून तोंडावर तेच म्हणालो. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सोडून दिलं, पण तेव्हापासून माझ्याकडे जरा डोळे बारीक करून बघतात.) अट अशी होती की एक दिवस, एक मोर्चा आणि छापण्याजोगा एक फोटो, तोही दुपारी चारच्या आत टेबलावर. जमलं तर नोकरी, नाहीतर मी आपलं घर गाठावं. छापण्याजोगा म्हणजे कसा, असं मी विचारलं. ते म्हणाले, ज्यात काहीतरी घडतंय असा. आता भाऊजी, मी एकतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. एक्स-रेत काही घडत नसतं, जे व्हायचं ते घडून गेलेलं असतं. माझी अडचण इथूनच सुरू झाली.

तुम्ही विचाराल, मग कशाला हा उपद्व्याप? सगळ्यांनीच विचारलं. (सगळ्यांनी म्हणजे अक्कानेच. घरात दुसरं आहे कोण?) खरं सांगतो. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बाजारात गेलो होतो, तिथे एका बाईंनी थांबून माझी चौकशी केली, माझे आभार मानले, डोळ्यांत पाणी आणलं, आणि मला त्या कोण हे काही केल्या आठवेना. निम्म्या गावाच्या फासळ्या मला तोंडपाठ आहेत, पण चेहरा एकाचाही लक्षात नाही. माणूस समोर आला की मी त्याला पाठमोरा उभा करायचो, हनुवटी वर घ्यायला सांगायचो आणि दिवा लावायचो. एकतीस वर्षं माणसं आतून बघितली, बाहेरून बघायची राहूनच गेली. याचं मला फार वाईट वाटलं, आणि उरलेल्या आयुष्यात माणसांच्या तोंडाकडे बघायला मिळेल असं काम धरावं असं मनाने घेतलं. म्हणून ही नोकरी मला हवी होती. गंमत म्हणून नव्हे.

कचेरीतल्या जुन्या फोटोग्राफरांनी मला कॅमेरा दिला, फिल्मचा रोल भरून दिला आणि उपदेश केला. (त्यांचा चेहरा मला नवीन होता, पण मनगट ओळखीचं वाटलं.) उपदेश एवढाच, की बातमी दिसली रे दिसली की बटण दाबा. बातमी दिसते कशी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारेपर्यंत ते चहाला गेले. मोर्चा कशासाठी आहे हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर फक्त एवढंच लिहिलं होतं, की टपाल कचेरीसमोर, सकाळी दहा.

मी साडेनऊलाच हजर झालो. बघतो तर मोर्चा माझ्याआधी हजर. चाळीसेक माणसं एकामागे एक उभी, हातात कागद, आवाज नाही, ढकलाढकली नाही. मला तर हा प्रकार पाहताक्षणीच आवडला. वर्तमानपत्रवाले उगाच मोर्चांची बदनामी करतात असंही वाटून गेलं. सगळ्यात पुढच्या गृहस्थांना मी मागणी विचारली. खिडकी उघडा, असं ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं. मागच्या बाईंना विचारलं की हा लढा केव्हापासून चालू आहे. सव्वानऊपासून, असं त्या म्हणाल्या, आणि फार त्रासलेल्या दिसल्या. तेही लिहून घेतलं. आठ फोटो काढले. दहा वाजता खिडकी उघडली, मागणी मान्य झाली, एकेक माणूस आपलं काम उरकून शांतपणे घरी गेला. अर्ध्या तासात एवढं घवघवीत यश! मी कॅमेरा पिशवीत घातला, वहीची दोरी बांधली आणि परत निघालो, तेवढ्यात कोपऱ्यावरून घंटा ऐकू आली.

टण टण. आणि पाठोपाठ चारेकशे माणसं वळणावर दिसली. पुढे एक उंच गृहस्थ, गळ्यात कातडी पिशवी, हातात दोरी लावलेली घंटा. (तोंडावरून काही पत्ता लागला नाही, पण ते खोकले आणि मी ओळखलं. उजवी बाजू, चौथी फासळी, सांधलेली. बसचे कंडक्टर.) दोन घंटा झाल्या की मोर्चा चालायचा, एक घंटा झाली की जागच्या जागी थांबायचा. मध्ये कोणी रेंगाळलं तर कंडक्टर ओरडायचे, पुढे सरका, आत जागा आहे. आत म्हणजे कुठे, भर रस्त्यात? पण लोक सरकत होते.

मी पळत जाऊन पहिल्या ओळीतल्या एकाला मागणी विचारली. तो ओरडला, चौदा! दुसऱ्याला विचारलं. चौदा पाहिजे म्हणजे पाहिजे! तिसऱ्या ओळीतल्या आजींनी फलक माझ्या नाकाशी धरला, त्यावर नुसताच चौदाचा आकडा. मी वहीत लिहिलं, की एकूण चौदा मागण्या आहेत, पण त्या नेमक्या कोणत्या हे सांगायला कोणी तयार नाही, तेव्हा प्रकरण नाजूक दिसतं. सारखं वाटत होतं की या सगळ्यात बातमी कुठेतरी असणार आणि ती मला सोडून सगळ्यांना दिसते आहे. घड्याळात साडेदहा झाले होते आणि चार वाजायला काही फार वेळ नव्हता.

टपाल कचेरीसमोर एकच घंटा झाली आणि मोर्चा थांबला. मी मनाशी म्हटलं, हीच वेळ. बाजूला एक रिकामं खोकं होतं, त्यावर चढलो, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझं तोंड आपोआप चालायला लागलं. एकतीस वर्षांची सवय, भाऊजी. मी खणखणीत आवाजात सांगितलं, की अंगावर धातूचं काही असेल तर काढून ठेवा. घड्याळं, किल्ल्या, साखळ्या, पट्ट्यांची बक्कलं. आता तुम्ही म्हणाल की कोण ऐकणार. सगळ्यांनी ऐकलं! मोर्चेकऱ्यांना वाटलं पोलिसांचा नियम असेल. बंदोबस्ताच्या फौजदारांना वाटलं वरून हुकूम आला असेल. त्यांनी शिट्टी काढली, बिल्ला काढला, पट्टा सोडला आणि एका हाताने विजार धरून उभे राहिले. मग मी म्हणालो, खांदे सैल, हनुवटी वर, हलू नका, मोठा श्वास घ्या आणि रोखून धरा.

चारशे माणसांनी श्वास रोखला. घोषणा अर्ध्यात थांबल्या. चौकात अशी शांतता पसरली की टपाल कचेरीच्या आतला शिक्का मारल्याचा आवाज बाहेर ऐकू यायला लागला. मी खोक्यावरून उतरलो, आडोशाला गेलो आणि बटण दाबलं. (एक्स-रे काढणारा माणूस बटण दाबताना समोर कधी उभा राहत नाही, जाड भिंतीच्या मागे जाऊन दाबतो. नवीन आलेल्यांना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आणि ते जन्मात विसरता येत नाही.) इथे भिंत नव्हती, पण टपालपेटी होती, चांगली माझ्या खांद्याएवढी. तिच्या मागे बसून मी ओळीने पाच वेळा बटण दाबलं. मनासारखं काम झालं. समाधानाने उठलो आणि बघतो तर समोर सगळे लालबुंद. सोडा, असं म्हणायचं मी विसरलो होतो! सगळ्या नोकरीत ही चूक माझ्याकडून एकदाही झाली नव्हती. धावत खोक्यावर चढलो, पण तोंड उघडणार एवढ्यात लोकांनी आपणहूनच श्वास सोडला, कंडक्टरनी दोन घंटा दिल्या, मोर्चा पुढे सरकला आणि खोकंही त्याच्याबरोबर गेलं. मी मात्र तिथेच राहिलो, फुटपाथच्या दगडी काठावर, बसल्या जागी. पत्र पालथं पडून का लिहितो आहे, हे आता आपल्या लक्षात आलं असेल. (संध्याकाळी इस्पितळात जाऊन माकडहाडाचा एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, पण माझ्या जागी आलेल्या माणसाने मला फार वाकडं झोपवलं. तसं मी त्याला बोललोही.)

लंगडत मोर्चा गाठला. वाटेत आणखी दहाबारा वेळा योग्य ती काळजी घेऊन बटण दाबलं. एकदा विजेच्या खांबामागून, दोनदा दुकानाच्या उघड्या फळीमागून, एकदा फौजदारांच्या मागून. (ते अजून पट्टा शोधत होते.) शेवटी बसच्या आगाराशी मोर्चा थांबला आणि कंडक्टरनी खिशातून एक सरकारी कागद काढून मोठ्याने वाचला. त्यात असं होतं, की चौदा क्रमांकाच्या बसला प्रवाशांचा प्रतिसाद अपुरा असल्यामुळे ती पुढील आदेश होईपर्यंत बंद करण्यात येत आहे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की चौदा मागण्या नाहीत, मागणी एकच आहे. हायसं वाटून मी कागदाचा फोटो घ्यायला जवळ गेलो आणि खालची सही पाहिली.

भाऊजी, ती सही मी ओळखतो. तुमच्या दर पत्राच्या शेवटी असते. पहिलं अक्षर कसंबसं उभं, आणि पुढे हृदय बंद पडल्यासारखी सरळ रेघ. माझी पाचावर धारण बसली. सही करणाऱ्या साहेबांच्या नावाने लोकांनी ज्या घोषणा दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. यमकं चांगली जुळली होती, एवढंच सांगतो. आता मी कोणाच्या बाजूचा? ज्यांनी मला चिकटवलं त्यांच्या, की ज्यांचा फोटो काढायचा त्यांच्या? का फोटोग्राफरला बाजूच नसते? जुने फोटोग्राफर चहाला गेले नसते तर मी विचारलं तरी असतं.

या विवंचनेत असतानाच गर्दी दुभंगली आणि मागून हातगाडी आली. गाडीवर पुतळा होता. गवताचा, पिशवीचं डोकं, वर काजळीने काढलेला चष्मा, आणि अंगात तपकिरी कोट. कोपरावर ठिगळ, आतल्या खिशाला पेनाचा डाग. तुमची बदली झाल्यापासून, गेलं वर्षभर, दिवाणखान्यातल्या खुंटीवर लटकत असलेला तुमचाच कोट! आणि पुतळ्याच्या शेजारी खुर्चीवर, पाय समोरच्या उशीवर पसरून, हातात चौदाचा फलक घेऊन अक्का बसली होती. लग्नाच्या फोटोत तुम्ही दोघं ज्या बाजूंना बसला आहात, त्याच बाजूंना. पुतळाही फोटोतल्यासारखाच जरा पलीकडे बघत होता.

सकाळी ती मला म्हणाली होती की गुडघ्याला शेक द्यायला इस्पितळात जाते. दीड महिना ती रोज तेच सांगून बाहेर पडते आणि रोज खरोखर तिथेच जाते. आमचं घर एका टोकाला आणि इस्पितळ पार दुसऱ्या टोकाला, स्टेशनला लागून. मध्ये होती ती चौदा नंबर. डॉक्टर म्हणतात रोज या आणि पायी चालू नका. बस बंद झाल्यापासून ती कशी जाते, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. शेजाऱ्यांची गाडी असेल असं धरून चाललो होतो. हे आता लिहिताना मला लाज वाटते आहे. तिने तुम्हाला दोन पत्रं पाठवली होती म्हणे. पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याला आलं ते असं, की अर्ज संबंधित विभागामार्फत सादर करावा. वर जावक क्रमांकही होता. (हे ती सांगते. मी पत्र वाचलेलं नाही. ते सध्या मोर्चाच्या फायलीत आहे.)

मी खालून खुणा केल्या, हातवारे केले, ओठांनी विचारलं की तू इथे काय करतेस? तिने फलक जरा खाली घेतला, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि मोठ्याने म्हणाली, "शर्ट खोच आधी." चारशे लोकांसमोर, भाऊजी. मी खोचला.

मग कंडक्टरनी काडी पेटवली. फौजदार पुढे झाले, पण शिट्टीशिवाय आणि पट्ट्याशिवाय त्यांना फार पुढे होता येईना. मी म्हटलं, आता नक्की काहीतरी घडतंय. सवयीप्रमाणे हातगाडीच्या मागे जाऊन खाली बसलो. गाडीला मागे फळ्या होत्या आणि दोन फळ्यांमध्ये हातभर फट होती. त्या फटीत कॅमेरा टेकवून बसलो, तेवढ्यात वरून अक्काचा आवाज आला, "थांबा. कोट काढून घेते."

कंडक्टर म्हणाले, "अहो बाई, पुतळा आहे तो."

"पुतळा तुमचा, कोट माझ्या घरचा," अक्का म्हणाली. "ओळख पटावी म्हणून आणला होता. जाळायला नाही आणला."

आणि ती खुर्चीतून उठली, गुडघा सांभाळत पुतळा मागे, माझ्या बाजूला वळवून त्याच्या कडेला उभी राहिली आणि एकेक बटण सोडायला लागली. घोषणा थांबल्या. या वेळी मी कोणाला श्वास रोखायला सांगितलं नव्हतं. दोन बटणं निघाली. तिसरं निघेना, गवत ठासून भरलेलं होतं. तिने ओढून पाहिलं, मग एक हात पुतळ्याच्या छातीवर ठेवला आणि अगदी हळू, सवयीने म्हणाली, "पोट आत घ्या जरा."

मी गाडीमागे होतो म्हणून मला ऐकू आलं. कंडक्टरनाही आलं, कारण त्यांच्या हातातली काडी बोटापर्यंत जळली तरी त्यांना कळलं नाही. ती बोलली आणि तिचं तिलाच उमगलं असावं, कारण हात तिथेच थांबला. त्या क्षणी मी बटण दाबलं. बातमी दिसली म्हणून नव्हे. मला काय दिसलं ते मला अजूनही सांगता येत नाही. मला फक्त एकदम रडू आलं आणि बोट दाबलं गेलं.

पुढे तिने कोट झटकला, बाह्या आत मुडपून घडी घातली आणि हातावर घेतला. कोट गेल्यावर पुतळा अगदीच केविलवाणा दिसायला लागला. नुसतं गवत आणि काजळीचा चष्मा. कंडक्टरनी दुसरी काडी काढली, त्याच्याकडे पाहिलं आणि परत पेटीत ठेवली. शेवटी त्याला उचलून चौदा नंबरच्या थांब्यावर उभं केलं आणि तीन घंटा देऊन मोर्चा संपवला. (तीन घंटांचा अर्थ मी विचारला नाही.) अक्काला लोकांनी त्याच हातगाडीवरून घरी सोडलं.

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत मात्र माझा जीव रमला. ते काम माझं आहे. डोळे मिटूनही जमतं. फिल्म धुतली, वाळवली, दिव्यासमोर धरली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आठ फोटो त्या सकाळच्या लोकांचे, ती नुसती रांग होती म्हणे. नंतर टपालपेटीची मागची बाजू, पाच वेळा, अतिशय स्पष्ट. मग खांब. दुकानाची फळी. फौजदारांची पाठ. मोर्चा कुठेच नाही. आडोशाला जाताना मी दर वेळी कॅमेराही बरोबर घेऊन गेलो होतो. यंत्र रोग्यापाशी राहतं आणि माणूस भिंतीमागे जातो, इथे यंत्रच गळ्यात होतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. सगळं संपलं असं म्हणून शेवटचा चौकोन पाहिला.

त्यात फळ्यांच्या फटीतून दिसणारी गवताची छाती होती, गळ्यापासून कमरेपर्यंत. (इतकी वर्षं एवढाच भाग चौकटीत बसवत आलो. हात आपोआप तिथेच स्थिरावला असणार.) तुमचा कोट, दोन सुटलेली बटणं, तिसऱ्यावर एक हात आणि छातीवर टेकवलेला दुसरा. डोकं कोणाचंच नाही. ना पुतळ्याचं, ना अक्काचं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मी तो संपादकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. तोंडं कुठे आहेत, असं विचारलं. मी म्हणालो, राहिली. मग त्यांनी विचारलं की कोट कोणाचा. मला खोटं बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि इतके हसले की शेजारच्या खोलीतून माणसं धावत आली. मग हसणं थांबलं आणि ते पुन्हा फोटोकडे बघत बसले. त्यांची पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली, हे मला नंतर कळलं. फोटो आज पहिल्या पानावर येतो आहे. त्यात कोणीही ओळखू येणार नाही, याबद्दल आपण निश्चिंत असावं.

इकडील काळजी करू नये, तिकडची मात्र स्वतःची करावी. लोभ अक्कावर आहेच, या अंकानंतर माझ्यावरही थोडा शिल्लक राहावा, ही विनंती.

आपला,
पालथा मेहुणा

ता. क. – मुख्य गोष्ट लिहायची राहिली. नोकरी अजून पक्की नाही. संपादक म्हणाले, हा एक फोटो चुकून निघाला, आता एक ठरवून काढून आण, आणि त्यात चेहरा हवा. कोणाचा चेहरा, असं मी विचारलं, तर ते म्हणाले की सही करणाऱ्याचा, बंद बसच्या रस्त्यावरून पायी येताना. हे मी सुचवलेलं नाही. तरी रविवारी सकाळच्या गाडीने यायचं करावं. मी स्टेशनच्या दारात कॅमेरा घेऊन उभा असेन. आडोशाला जाणार नाही असं मनाशी ठरवलं आहे. तुमच्याकडे मी वीस वर्षं मान खाली घालूनच पाहत आलो, त्यामुळे तुमचा चेहरा मलाही नीटसा आठवत नाही. एकदा बघायचा आहे.

आणखी ता. क. – अंक आत्ताच हाती आला. फोटोत कोणी ओळखू येणार नाही असं वर लिहिलं आहे, ते रद्द समजावं. तुमच्या बालमित्रांनी नाव छापलेलं नाही, पण खाली हुद्दा, खातं आणि 'यांचा कोट' असं छापलं आहे. तुमच्या कचेरीत अंक परवा पोचतो. गोळी त्या दिवशीही विसरू नये.

ता. क. (अक्काच्या हाताने) – अहो, याचं फार मनावर घेऊ नका. पुतळ्याला मी काहीही म्हटलेलं नाही. कोट धुऊन ठेवला आहे, पाठवणार नाही, इथे येऊन घाला. रविवारी नवे बूट घालू नका, चावतील. स्टेशनपासून घरापर्यंत बसायला दोनच जागा आहेत, दवाखान्यापुढचं बाक आणि त्यानंतर बरंच चालल्यावर एका बंद दुकानाची पायरी. बाकावर बसा. पायरीवर बसू नका, उठताना गुडघ्यातून कळ येते.